झाकली मूठ

दिवाळी अंकात कोणत्या विषयावर लिहावे याचे काही अलिखित संकेत आहेत. नाटक, कादंबरी, कविता यांवर लिहिले तर कोणी नाक मुरडत नाही. स्पेनमधल्या एका दरोड्याच्या चित्रवाणी-मालिकेवर लिहायला बसले की मात्र हात थोडा अडखळतो. तरी मी बसलो आहे. कारण त्या मालिकेच्या शेवटच्या भागावरून आमच्या घरात जो वाद पेटला, तो अद्याप विझलेला नाही. दर दिवाळीला चिवडा-चकलीबरोबर तो पुन्हा ताटात येतो. गेल्या खेपेस माझ्या भाच्याने अखेर वैतागून मला बजावले, “मामा, तू लिहितोस ना? मग एकदाचं लिहून टाक, म्हणजे आम्ही सुटलो.” वाद मिटवण्याची ताकद समीक्षेत असते, असा त्याचा भाबडा समज आहे. मी तो मोडला नाही.

मालिकेचे मूळ नाव ‘ला कासा दे पापेल’, म्हणजे कागदाचे घर. जगभर ती ‘मनी हाइस्ट’ या नावाने गाजली. आलेक्स पिना हा तिचा कर्ता. स्पेनच्या ‘अंतेना ३’ वाहिनीवर २ मे २०१७ रोजी ती सुरू झाली, तेव्हा पहिल्या रात्री चाळीस लाखांहून अधिक प्रेक्षक होते; त्या वर्षीच्या नोव्हेंबरात संपली तेव्हा त्यांतले निम्मेही उरले नव्हते. गोष्ट पंधरा भागांत पुरी झाली होती आणि नटमंडळी आपापल्या घरी गेली होती. मग नेटफ्लिक्सने ती विकत घेतली, पंधराचे बावीस तुकडे पाडले आणि जगापुढे मांडली. पुढचे वर्ष संपण्यापूर्वी तिला उत्तम नाट्यमालिकेचा आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. संपलेली गोष्ट पुन्हा उघडणे भाग पडले. २०१९ पासून दुसऱ्या दरोड्याची कथा सुरू झाली आणि ३ डिसेंबर २०२१ या दिवशी शेवटचा भाग आला. त्याचे नाव ‘एक कौटुंबिक परंपरा’.

ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी कथेचा सांगाडा सांगून टाकतो; शेवटही सांगणार आहे, तेव्हा पाहायचे शिल्लक असलेल्यांनी पान उलटावे. प्रोफेसर या नावाने वावरणारा एक बुजरा, चष्मेवाला माणूस काही मोडकी माणसे गोळा करतो. खरी नावे कोणी कोणाला सांगायची नाहीत, म्हणून प्रत्येकाने एकेका शहराचे नाव घेतलेले असते: टोकियो, नैरोबी, बर्लिन, मॉस्को, डेन्व्हर, रिओ. अंगात लाल डगला आणि तोंडावर चित्रकार दालीचा मुखवटा घालून ही माणसे माद्रिदच्या टाकसाळीत शिरतात. तिथे असलेला पैसा ती उचलत नाहीत. स्वतः नोटा छापतात. ९८ कोटी ४० लाख युरो छापून निघून जातात. दुसऱ्या वेळी ती थेट बँक ऑफ स्पेनच्या तळघरात उतरतात, ९० टन सोने वितळवून त्याचे बारीक रवे करतात आणि नळावाटे बाहेर काढतात.

आमची भट्टी ताईच्या घरी जमली होती. ताईचे घर नाशिकरोडला. आमचे वडील तिथल्या नोटांच्या छापखान्यात नोकरीला होते. गावात त्याला सगळे नुसते ‘प्रेस’ म्हणतात. त्यामुळे टाकसाळीवरच्या दरोड्याविषयी आमच्या घराला जरा जवळिकीचे कुतूहल होते. भाचा-भाची मालिकेची भक्त, मी संशयी पाहुणा, आणि पंचाहत्तरीकडे झुकलेली ताई वाती वळत बसलेली. पडद्याखाली उमटणाऱ्या इंग्रजी ओळी भाची तिला मोठ्याने मराठीत सांगे. ताईने नैरोबीच्या मरणाला डोळे पुसले होते आणि प्रोफेसरला ती ‘तो मास्तर’ म्हणत असे.

शेवटच्या भागात काय होते? बाहेर काढलेले सोने प्रोफेसरच्या हातूनही जाते. बर्लिनचा मुलगा राफाएल, म्हणजे प्रोफेसरचा सख्खा पुतण्या, खोटे पोलीस घेऊन येतो आणि चोरावर मोर होतो. इकडे बँकेत टोळी पकडली गेलेली. प्रोफेसर स्वतः पायांनी चालत बँकेत जातो आणि शरण येतो. तिजोरी रिकामी झाल्याचे जगाला कळते, शेअरबाजार कोसळतो, देश दिवाळखोरीच्या काठावर येतो. मग सोन्याच्या विटांनी भरलेल्या गाड्या बँकेच्या दारी परत येतात. बाजार सावरतो. कर्नल तामायो विजयाने फुलतो आणि थोड्याच वेळात त्याला कळते, की विटा पितळेच्या आहेत. वर फक्त सोन्याचा मुलामा.

आता तामायोपुढे दोन वाटा. खरे सांगावे तर बाजार पुन्हा कोसळणार, आणि या वेळी कायमचा. गप्प बसावे तर चोरांना सोडावे लागणार. प्रोफेसर त्याला शांतपणे समजावतो, की तळघरात काय आहे याला महत्त्व नाही. तळघरात सोने आहे असे जगाला वाटते, एवढे पुरे आहे. तामायो गप्प बसतो. बंदुकीचे आवाज होतात, प्रेताच्या पिशव्या बाहेर येतात, टोळी मेली असे जाहीर होते. आणि ती ‘मेलेली’ माणसे नवी पारपत्रे घेऊन हेलिकॉप्टरने निघून जातात.

भाच्याने टाळ्या वाजवल्या. भाची गप्प होती. टोकियो त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आलेल्या भागात मेली होती आणि तिच्या वाचून हा आनंद भाचीला परका वाटत होता. दुसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणींशी फोनवर जी चर्चा झाली ती मी ऐकली, आणि पुढे अनेक ठिकाणी अनेकांकडून तीच ऐकली. काहींना शेवट गोड लागला म्हणून आवडला. काहींना गोड लागला म्हणूनच आवडला नाही. प्रोफेसर मरायला हवा होता, असे म्हणणारे होते. सगळे फार सोपे झाले, असे म्हणणारे तर पुष्कळ होते. आणि ताई त्या रात्री वाती बाजूला ठेवून म्हणाली, “ही फसवणूक आहे.” मी हसलो. दरोड्याच्या गोष्टीत फसवणूक नसेल तर काय असेल, असे काहीतरी बोललोही. ते बोलणे मला पुढे महाग पडले. पण ते नंतर.

आधी माझी बाजू मांडतो. दरोड्याची कथा पडद्यावर आली तेव्हापासून तिच्या शेवटाचा एक दंडक आहे: लूट हाती लागता कामा नये. जॉन ह्यूस्टनच्या ‘द अस्फाल्ट जंगल’मध्ये (१९५०) नायक आपल्या जुन्या गावी पोचतो, पण घोड्यांच्या कुरणात मरून पडण्यासाठी. दासँच्या ‘रिफिफी’त (१९५५) अर्धा तास एकही शब्द न उच्चारता दरोडा घातला जातो, तो पाहताना श्वास रोखला जातो, आणि शेवटी त्यातला एकही दरोडेखोर वाचत नाही. कुब्रिकच्या ‘द किलिंग’मध्ये (१९५६) विमानतळावर एक लहानसे कुत्रे आडवे येते, सामानाच्या गाडीवरून पेटी पडते आणि सगळ्या नोटा वाऱ्यावर उधळतात. अमेरिकेत त्या काळी चित्रपटांवर नीतीचे बंधनच होते, की गुन्हा फळाला आलेला दाखवायचा नाही. पण मला वाटते, बंधन नसते तरी शेवट असेच झाले असते. पैसा उडून जाताना पाहण्यात प्रेक्षकाला एक समाधान असते: आपण चोरी केली नाही ते बरेच झाले, असे वाटत तो घरी जातो.

‘मनी हाइस्ट’ने हा दंडक मोडला, आणि तो आळसाने मोडला नाही. पहिला दरोडा आठवून पाहा. पोलीस अधिकारी राकेल प्रोफेसरला ओळखते तेव्हा तो तिला आपली बाजू सांगतो: युरोपच्या मध्यवर्ती बँकेने २०११ पासून अब्जावधी युरो शून्यातून निर्माण केले आणि ते बँकांच्या घशात घातले, त्याला कोणी चोरी म्हटले नाही. मग आम्ही त्याच कागदावर, त्याच यंत्रांवर नोटा छापल्या तर आम्ही चोर कसे? हा युक्तिवाद तेव्हा मला चलाख वाटला होता, खरा वाटला नव्हता. चार वर्षांनी शेवटच्या भागाने तो पुरा केला. पहिल्या दरोड्यात कागदाचा पैसा झाला, कारण तो सरकारी यंत्रातून निघाला. दुसऱ्या दरोड्यात पितळेचे सोने झाले, कारण सरकारने मान डोलावली. कागदापाशी सुरू झालेली गोष्ट पितळेपाशी संपली. आपल्याकडे याला म्हण आहे: झाकली मूठ सव्वा लाखाची. प्रोफेसरने बँक लुटली नाही; त्याने मूठ तेवढी रिकामी केली आणि पुन्हा झाकून दिली.

आणि ही नुसती पटकथाकाराची करामत आहे असेही नाही. बँक ऑफ स्पेनचे तळघर एकदा खरोखरच रिकामे झाले होते. १९३६ साली यादवी युद्ध पेटले तेव्हा लोकसत्ताक सरकारने माद्रिदमधले सोने कार्ताहेना बंदरात नेले आणि तिथून ऑक्टोबरात सुमारे ५१० टन सोने जहाजांनी सोव्हिएत रशियाला पाठवले. बहुतेक साठा गेला. युद्धात शस्त्रांच्या खरेदीत तो संपला. ‘मॉस्कोचे सोने’ हा शब्द स्पॅनिश माणसाच्या कानात अजून खुपतो. त्या बँकेतून सोने बाहेर निघताना पाहणाऱ्या माद्रिदच्या प्रेक्षकाला पडद्यावर जे दिसले असेल, ते आपल्याला दिसणार नाही.

पण आपल्याला दुसरे दिसते. १९९१ च्या जुलैत आपल्या देशाकडे परकी चलन इतके थोडे उरले, की रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने बाहेर धाडले आणि ते तारण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. ही बातमी फुटली तेव्हाचे दिवस मला आठवतात. ज्यांनी आयुष्यात कधी रिझर्व्ह बँकेचा विचार केला नव्हता, अशी माणसे घरातले मंगळसूत्र गहाण पडल्यासारखी बोलत होती. कर्ज त्याच वर्षी फिटले. पुढे २०२४ साली इंग्लंडातून शंभर टन सोने परत आणल्याचे कळले, तेव्हा तितकाच आनंद झाला. खरे पाहता त्या सोन्याने रुपयाचे काहीच अडत नाही. कागदी चलनाच्या बदल्यात सोने देण्याचा व्यवहार जगातून गेला. अमेरिकेनेही १९७१ च्या १५ ऑगस्टला डॉलरची सोन्याशी असलेली गाठ सोडली. आपल्या नोटेवर गव्हर्नरची सही असते आणि धारकाला अमुक रुपये देण्याचे वचन असते. ते वचन घेऊन गेलात तर दुसरी तशीच नोट मिळेल. तरी आपण सोने मोजतो. कारण आपल्याला पैसा लागतो तशी पतही लागते, आणि पत डोळ्यांना दिसावी अशी आपली इच्छा असते.

त्या रात्री मी हे सगळे बोललो. फार रंगून बोललो. प्रोफेसरने सोने चोरले नाही, पत चोरली आणि ती परत विकली, असेही म्हणालो. भाचा खूश झाला.

समीक्षक म्हणून दोषही सांगायला हवेत. शेवटाची कल्पना अस्सल असली, तरी तिथवर नेणारी माणसे सगळी अस्सल नाहीत. राफाएल बापाचा द्वेष करत आलेला. त्याच्या बायकोला, तातियानाला, घेऊन तो काकाला लुटतो. हा वारसा मोठ्या ताकदीचा होता. बापाने घर मोडले, मुलाने त्याची बायको पळवली आणि चोरीही त्याचीच उचलली. पण प्रोफेसरची एक चिठ्ठी त्याच्या हाती पडते आणि तो ९० टन सोने परत करतो. चिठ्ठीत काय ताकद होती हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचे. नजवा निम्रीने अलिसिया सिएराचे पात्र असे काही उभे केले होते, की ती पडद्यावर आली की खोली थंड पडे. छळ करणारी, हुशार, एकाकी बाई. तीही अखेरच्या दोन-चार भागांत टोळीची सखी होऊन बसते. परिस्थितीने ती टोळीकडे ढकलली गेली हे पटते. तिचे मन कसे वळले हे मात्र आपण समजून घ्यायचे. यांत मुलामा आहे, हे कबूल केले पाहिजे.

इथवर बोलून झाल्यावर मी ताईकडे पाहिले. ती म्हणाली, “तू म्हणतोस ते सगळं खरं असेल. पितळ निघालं याचं मला काही नाही रे. पण ते कोणाच्या पदरचं गेलं, हे त्या मास्तरानं सांगायला नको?”

मी म्हणालो, “कोणाच्याच नाही. तीच तर गंमत आहे.”

“असं कधी होतं का?” ती म्हणाली. मग उठली, देवघराशेजारच्या कपाटातून एक डबी घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवली. आत आईच्या पाटल्या होत्या. दर लक्ष्मीपूजनाला आईच्या हातात मी त्या पाहत आलो होतो. आई गेल्यावर त्या ताईकडे आल्या होत्या, यात नवे काही नव्हते.

ताईने सांगितले ते नवे होते. सुनेसाठी नव्या घडणीच्या बांगड्या कराव्यात म्हणून ती त्या पाटल्या घेऊन सराफाकडे गेली होती. सराफाने कसोटीच्या दगडावर घासून पाहिल्या, पुन्हा घासल्या, आणि काही न बोलता तिच्यापुढे सरकवल्या. जुना सराफ होता. त्याचे मौनच पुरेसे होते. मग मावशीकडून कळले. ताईच्या लग्नाच्या वर्षी खऱ्या पाटल्या मोडल्या होत्या, आणि त्याच घडणीच्या पितळी करून, वर मुलामा चढवून, आईने हातात घातल्या होत्या. दिवसभर नोटांच्या थप्प्या ज्यांच्या हाताखालून जात, त्या माझ्या वडिलांकडे मुलीच्या लग्नाला पैसे नव्हते. वडिलांना माहीत होते, मावशीला माहीत होते, बहुधा आळीतल्या दोन-चार बायकांनाही माहीत होते. कोणी बोलले नाही. घराची पत राहिली. धाकट्या आत्याचे लग्नही त्याच पतीवर जमले.

“आईनं केलं ते बरोबरच केलं,” ताई म्हणाली. “मी असते तर मीही केलं असतं. पण मला तीस वर्षं कोणी सांगितलं नाही. तिच्या हातांकडे बघून मी मिरवत राहिले. किंमत कोणी भरली हे मला कळायला नको होतं?”

मला त्यावर काही बोलता आले नाही. आजही त्या शेवटाविषयी मला जे म्हणायचे आहे, ते माझ्या युक्तिवादात नाही. ताईच्या या प्रश्नात आहे. झाकल्या मुठीची किंमत सव्वा लाख असते हे पटकथाकाराने अचूक ओळखले. जगात अनेक घरे आणि अनेक राज्ये अशा मुठीवर उभी आहेत, हे सांगण्याचे धाडसही केले. पण मूठ झाकली जाते तेव्हा आत कोणाचा तरी हात असतो. टोकियो, नैरोबी, मॉस्को, बर्लिन, ओस्लो मेले. त्यांची आठवण मालिका काढते, आणि मेलेली टोकियोच अखेरपर्यंत आपल्याला गोष्ट सांगते, ही योजना सुंदर आहे. परंतु या माणसांच्या मरणाने काय विकत घेतले, हा प्रश्न हेलिकॉप्टरमध्ये बसलेल्यांपैकी एकालाही पडत नाही. दोन्ही दरोड्यांत ओलीस धरलेली साधी माणसे, बँकेत मेलेले शिपाई, यांच्याकडे तर शेवटी कोणी वळूनही पाहत नाही. आणि देशाच्या तळघरात पितळ ठेवून ९० टन सोने गेले, ते कोणाचे होते? त्याचे उत्तर ‘कोणाचेच नाही’ असे देऊन मालिका मोकळी होते, आणि प्रेक्षकालाही मोकळे करते. ताई जिला फसवणूक म्हणाली ती ही. पितळेची फसवणूक तिला मान्य होती. फुकटची मान्य नव्हती.

म्हणून माझा निकाल असा: शेवटच्या भागाची बुद्धी खरी आहे, आनंद मात्र अर्धाच खरा. ‘द किलिंग’मधल्या उधळलेल्या नोटांपेक्षा या पितळी विटा आजच्या जगाविषयी अधिक सांगतात, यात मला शंका नाही. पण त्या नोटा उधळताना पाहून जी कळ येते, ती इथे यायला हवी होती आणि आली नाही. भाच्याला हा निकाल मान्य नाही. तो म्हणतो, गोष्टीने हिशेब द्यावा असे कुठे आहे? भाची म्हणते, टोकियो असती तर तिने विचारले असते. वाद चालूच राहणार.

पाटल्या ताईने मोडल्या नाहीत, विकण्याचा तर प्रश्नच नव्हता. दर लक्ष्मीपूजनाला त्या चौरंगावर असतात. शेजारी नोटा, नाणी आणि वहीखाते. गेल्या वर्षी नव्या नातसुनेने त्या हातात घेऊन पाहिल्या आणि विचारले, “किती तोळ्यांच्या असतील हो, आजी?” मी ताईकडे पाहिले. तिने पाटल्या परत चौरंगावर ठेवल्या, हळदकुंकू वाहिले, आणि म्हणाली, “बस इथं. सांगते.”